तिथी आधी की अपॉइंटमेंट? सणासुदीत वर्क व्हिसा अडकू नये म्हणून

तुळशीचं लग्न लागलं की मराठवाड्यात मंगल कार्यालयांच्या तारखा मिळेनाशा होतात. अमेरिकेतला इंजिनिअर मुलगा, दुबईतला जावई, लंडनमधली नर्स भाची, या सगळ्यांनी त्याच पंधरवड्यात गावाकडं यावं असं घरच्यांना वाटतं, आणि ते येतातही. नेमके तेच आठवडे व्हिसाच्या खिडक्यांवर सगळ्यात संथ चालतात. त्यातून दरवर्षी ठरलेला प्रकार घडतो. लग्न झालं, पूजा झाली, पाहुणे गेले, आणि नवरदेवाचा पासपोर्ट अजून मुंबईतच.

घरात वाक्य असं असतं: "तिथी काढली बाबा, आता तेवढं व्हिसाचं बघ." हा क्रम उलटा करा, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे. ज्या गोष्टी आपल्या हातात आहेत (लग्नाची तारीख, विमानाचं तिकीट, रजा) त्या, हातात नसलेल्या गोष्टीच्या मागं लावायच्या.

खोळंबा नेमका कुठं होतो

व्हिसा एका टेबलावर होत नाही. कंपनीचा अर्ज, त्याची मंजुरी, अपॉइंटमेंट, बोटांचे ठसे, मुलाखत, मुलाखतीनंतरची तपासणी, पासपोर्टवर छपाई आणि शेवटी कुरिअर, अशी साखळी असते. प्रत्येक कडीचे दिवस कामाचे म्हणून मोजले जातात, कॅलेंडरचे नाही. "तीन आठवडे लागतात" हे वाक्य जुलैत आणि डिसेंबरात वेगवेगळं वाचावं लागतं.

उदाहरण ब्रिटनचं घेऊ. बाहेरून केलेल्या स्किल्ड वर्कर अर्जाला ठसे दिल्यापासून साधारण तीन आठवडे सांगितले जातात, म्हणजे कामाचे पंधरा दिवस. २०२६ मध्ये १४ डिसेंबरला सोमवारी ठसे दिले, तर मध्ये तीन शनिवार-रविवार येतात. २५ डिसेंबर शुक्रवारी आहे. २६ तारीख शनिवारी पडल्यामुळं तिथली बॉक्सिंग डेची सुट्टी सोमवारी २८ ला सरकते, आणि १ जानेवारी पुन्हा शुक्रवार. पंधरावा दिवस मोजून बघा, ७ जानेवारी निघतो.  ज्यानं ४ जानेवारीला रुजू होण्याचं कळवलंय, त्याचं गणित कागदावरच चुकलेलं आहे, अजून कुणी उशीर केलेलाही नाही.

चार कॅलेंडरं एकत्र मांडा

पहिलं काम पेन-कागदाचं. एका मोठ्या कागदावर नोव्हेंबर ते मार्च आखा आणि चार रंगांनी चार जणांच्या सुट्ट्या भरा: व्हिसा देणारा देश, भारत, तुमची कंपनी आणि तिचा वकील, आणि घरचं पंचांग.

२०२६ चं उदाहरण भरून देतो. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी. ११ नोव्हेंबरला अमेरिकेत व्हेटरन्स डे, २६ ला थँक्सगिव्हिंग. २ आणि ३ डिसेंबरला अमिरातीचा राष्ट्रीय दिन, १८ ला कतारचा. मग नाताळ, नवं वर्ष, आणि १८ जानेवारीला अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग दिन. परदेशी दूतावास आपापल्या देशाच्या सुट्ट्या पाळतात आणि आपल्याकडच्याही काही पाळतात. म्हणून दिवाळी ते मकर संक्रांत या पट्ट्यात सलग, न तुटलेला आठवडा शोधावा लागतो.

तिसऱ्या रंगाकडं लोक बघतच नाहीत. अमेरिकेतल्या बऱ्याच कंपन्या नाताळ ते नवं वर्ष बंदच असतात. मुलाखतीत अधिकाऱ्यानं एखादं पत्र किंवा कागद मागितला, तर तो देणारा एचआरवाला आणि वकील दोघंही तेव्हा सुट्टीवर. दूतावास उघडा असून काम थांबतं ते इथं. डिसेंबरातली मुलाखत असेल तर १५ तारखेच्या आत वकिलाला विचारून ठेवा: सुट्टीच्या काळात तुमच्या जागी कोण, त्याचा ईमेल काय?

अमेरिका: यायचं की नाही, हाच पहिला प्रश्न

एच-१बी आणि एल-१ या अमेरिकेच्या वर्क व्हिसावाल्यांसाठी हा भाग जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथंच आहे.

आधी तीन कागद वेगळे ओळखा. आय-७९७ म्हणजे कंपनीचा अर्ज मंजूर झाल्याची नोटीस. आय-९४ म्हणजे अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्याची नोंद. आणि पासपोर्टातला स्टॅम्प म्हणजे दारातून आत जाण्याची परवानगी. स्टॅम्प संपला तरी आय-९४ चालू असेपर्यंत तिथं राहून काम करता येतं, अडचण येते ती देशाबाहेर पडल्यावर. म्हणून ज्याचा स्टॅम्प चालू आहे त्यानं खुशाल यावं. नोकरी बदलली असली तरी जुना, तारीख न संपलेला स्टॅम्प आणि नव्या कंपनीचं आय-७९७ यावर परतता येतं. ज्याचा स्टॅम्प संपलाय, किंवा जो विद्यार्थी व्हिसावरून तिथल्या तिथं एच-१बीवर गेला आणि ज्यानं कधी स्टॅम्प घेतलाच नाही, त्याच्यासाठी डिसेंबरची फेरी म्हणजे पूर्ण नवी प्रक्रिया.

प्रीमियम प्रोसेसिंगबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. जादा पैसे भरून कामाच्या पंधरा दिवसांत निर्णय मिळतो तो कंपनीच्या अर्जावर. मुंबईच्या वाणिज्य दूतावासातली मुलाखत त्यानं एक दिवसही अलीकडं येत नाही.

२०२५ मध्ये तीन गोष्टी बदलल्या, आणि जुन्या अनुभवावर सल्ला देणाऱ्या मित्रांना त्या अजून माहीत नसतात. २ सप्टेंबरपासून मुलाखतीशिवाय नुसते कागद टाकून नूतनीकरण करण्याची सोय, म्हणजे ड्रॉपबॉक्स, बहुतेकांसाठी बंद झाली. लहान मुलांनाही साधारणपणे मुलाखत लागते. ६ सप्टेंबरला आलेल्या सूचनेनुसार अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करायचा, त्यामुळं वाटेत दुसऱ्या देशात स्टॅम्प मारून घेण्याचा रस्ता जवळजवळ मिटला. आणि १५ डिसेंबरपासून एच-१बी व एच-४ (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा) अर्जदारांच्या सोशल मीडियाची तपासणी सुरू झाली, त्यासाठी खाती सार्वजनिक ठेवावी लागतात. या तिसऱ्या बदलाचा फटका थेट त्या डिसेंबरात आलेल्यांना बसला. अनेकांच्या मुलाखती काही महिने पुढं, मार्च २०२६ आणि त्यानंतर ढकलल्या गेल्या. माणसं तोवर भारतात येऊन पोचलेली होती. जुन्या तारखेला दारात गेलात तर आत घेणार नाही, असं दूतावासानं स्पष्टच सांगितलं होतं.

तेव्हा पायऱ्या अशा घ्या.

सप्टेंबरातच पासपोर्ट उघडून त्याची मुदत बघा. तो लवकर संपत असेल तर आय-९४ सुद्धा पासपोर्टाच्या तारखेपर्यंतच मिळण्याची शक्यता असते, मग मंजुरी तीन वर्षांची असून उपयोग नाही. नवा पासपोर्ट आधी, व्हिसा नंतर.

मग डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरा, शुल्क भरा आणि अपॉइंटमेंट घ्या. अपॉइंटमेंट दोन असतात, ठशांची वेगळी आणि मुलाखतीची वेगळी. तारीख निवडताना हात आवरा. १ जानेवारी २०२५ पासून भारतात तारीख एकदाच फुकट बदलता येते, त्यानंतर पुन्हा शुल्क भरून नवी तारीख घ्यावी लागते. पावती साधारण वर्षभर चालते, पण संधी एकच. "आधी कुठलीही घेऊन ठेवू, मग बदलू" ही आपली आवडती पद्धत इथं महागात पडते.

तिसरी पायरी, मुलाखतीनंतर किमान तीन आठवडे मोकळे ठेवा. मी तर म्हणेन चार. २० डिसेंबरला येऊन २९ ला मुलाखत आणि ३ जानेवारीला परतीचं विमान, असं ज्यानं आखलंय त्यानं येऊच नये. हे कठोर वाटेल. पण आई-बाबांना व्हिडिओ कॉलवर वाईट वाटणं आणि नोकरी टांगणीला लागणं यात मोठा फरक आहे.

"इमर्जन्सी अपॉइंटमेंट मिळते म्हणे," असं कुणी ना कुणी म्हणतंच. मिळते, पण आजारपण, अंत्यसंस्कार, अगदी तातडीचं कामकाज अशा मोजक्या कारणांसाठी, आणि तीही आधी साधी अपॉइंटमेंट घेतलेली असेल तरच मागता येते. लग्नसमारंभ हे कारण त्यात बसत नाही. बहिणीचं असलं तरी.

लग्न आणि स्टॅम्पिंग एकाच महिन्यात

खरी कसरत इथं आहे. मुलगा एच-१बीवर, लग्न डिसेंबरात, आणि नव्या सूनबाईला एच-४ वर सोबतच घेऊन जायचंय. सासर-माहेर दोन्हीकडचा आग्रह एकच, "जोडीनं जाऊ द्या."

एच-४ साठी बायकोचा स्वतःचा डीएस-१६०, स्वतःचं शुल्क, स्वतःची मुलाखत. आणि लग्नाचं प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आपोआप येत नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणं गावात ग्रामसेवक आणि शहरात नगरपालिका किंवा महापालिका नोंदणी करते. वधू-वर, पुरोहित आणि तीन साक्षीदारांच्या सह्या, सगळ्यांची ओळखपत्रं, लग्नाची पत्रिका आणि फोटो लागतात. ग्रामसेवकाकडं अनेकदा दोन-दोन गावं असतात, मंगळवारी गाठ पडली तर पडली. भटजींना तर डिसेंबरात एका दिवसात तीन लग्नं असतात. त्यांची सही मांडवातच घेऊन टाका, नंतर ते सापडत नाहीत.

पत्रिका छापताना नावं आधार आणि पासपोर्टप्रमाणं छापा. "चि. पिंटू" आणि "चि. सौ. कां. बेबी" यांचं लग्न झालेलं ग्रामसेवकाला मान्य असेल, पण प्रमाणपत्रावरचं नाव पासपोर्टाशी जुळलं नाही तर मुलाखतीच्या खिडकीवर खुलासा देत बसावं लागतं.

आता नावाचा मुद्दा. आपल्याकडं लग्नानंतर मुलीचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, काही घरांत तांदळावर लिहून पहिलं नावही. त्यापाठोपाठ आधार, पॅन, पासपोर्ट बदलायची घाई सुरू होते. पहिला व्हिसा मिळेपर्यंत माहेरच्या नावाच्या पासपोर्टाला हातही लावू नका. एच-४ साठी नाव बदललंच पाहिजे अशी अट नाही, प्रमाणपत्र पुरतं. नाव बदलायला घेतलं की नवा पासपोर्ट, पोलीस पडताळणी, नवा डीएस-१६०, असा महिना-दीड महिना सहज जातो. डिग्रीवरचं नाव वेगळं आणि पासपोर्टावरचं वेगळं, ही कटकट पुढं नोकरी शोधतानाही येते.

माझ्या मते सगळ्यात सुटसुटीत रस्ता हा: नवऱ्याचा स्टॅम्प चालू असतानाच लग्न ठेवा, त्यानं रजा संपली की परत जावं, आणि बायकोनं प्रमाणपत्र हातात आल्यावर निवांत अर्ज करून दोन-तीन महिन्यांनी जावं. घरच्यांना पटवायला जड जातं, पण दोघांपैकी एकाची तरी नोकरी आणि घरभाडं सुरळीत राहतं. दोघांनाही एकदमच जायचं असेल, तर दुसरा रस्ता म्हणजे आधी नोंदणी विवाह, मांडव नंतर. विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणं तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहिलेला असावा लागतो. मुलगी जिल्ह्यातलीच असल्यानं ते जमतं. पण नोटीस, प्रत्यक्ष नोंदणी आणि मुलाखत यासाठी मुलानं दोनदा यायचं की एकदाच जास्त दिवस, हे आधी ठरवावं लागेल.

मूल अमेरिकेत जन्मलेलं असेल तर त्याला व्हिसाचं भय नाही, ते परत जाऊ शकतं. मात्र आई-बाबांचा मुक्काम लांबला तर त्याचा भारतातला मुक्कामही लांबतो. त्याचं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारतात राहू देणारं) आधीच काढलेलं असलं म्हणजे त्या बाजूनं प्रश्न उरत नाही.

गावाकडचे कागद

हे काम कुठल्याही देशाला जाणाऱ्यानं गणपतीच्या आधी सुरू करावं.

औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं २०२३ मध्ये. तुमच्या जुन्या पासपोर्टात जन्मस्थान एक आणि नव्यानं काढलेल्या जन्मदाखल्यात दुसरं, असं होणारच. व्हिसा फॉर्ममध्ये पासपोर्टात आहे तसंच भरा. नामांतराच्या शासकीय अधिसूचनेची प्रत फाइलमध्ये ठेवा, एका कागदानं काम भागतं. औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे, त्यामुळं फॉर्ममध्ये राज्य निवडताना पहिल्या नावावर क्लिक करून मोकळे होऊ नका.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून मागता येतं, पण पडताळणी शेवटी तुमच्याच ठाण्यातून होते. गणपती, नवरात्र, निवडणूक असं काही असलं की सगळं ठाणं बंदोबस्तावर. तुळजापूरच्या बाजूला तर नवरात्रात कुणी कागदाला हात लावील अशी आशाही धरू नये. उलट फार लवकरही काढू नका, बऱ्याच देशांना सहा महिन्यांच्या आतलं लागतं. ऑगस्टच्या आसपास अर्ज हा मधला मार्ग.

डिग्रीची पडताळणी लागणार असेल तर विद्यापीठाची आणि कॉलेजची दिवाळीची सुट्टी लक्षात घ्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असो की नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ, सुट्टीआधीच्या शेवटच्या आठवड्यात गेलात तर "दिवाळीनंतर या" हेच ऐकायचं. साक्षांकनाची रीत देशागणिक बदलते. सौदी अरेबिया २०२२ च्या डिसेंबरपासून अपोस्टिल करारात (एका देशाचा साक्षांकन-शिक्का दुसऱ्यानं मान्य करण्याचा करार) आहे, त्यामुळं तिथं परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल चालतं. अमिराती, कतार आणि कुवेत त्या करारात नाहीत, म्हणून मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्या देशाच्या दूतावासाचाही शिक्का घ्यावा लागतो. म्हणजे आणखी एक कार्यालय, आणि त्याच्या आणखी सुट्ट्या.

आखातात जाणाऱ्यांसाठी

दहावी पास नसाल तर तुमचा पासपोर्ट बहुधा ईसीआर, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी लागणाऱ्या, प्रकारातला आहे. सौदी, अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहारीन धरून अठरा देशांत नोकरीला जाताना अशा पासपोर्टाला सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावरून उत्प्रवासाची (नोकरीसाठी देशाबाहेर जाण्याची) मंजुरी लागते. व्हिसा हातात पडला की काम संपलं असं समजू नका, मंजुरीचे आणखी काही दिवस धरा. प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमाही त्यासाठी लागतो. दोन वर्षांसाठी हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला दहा लाखांचं संरक्षण आहे. ज्यांची दहावी झालेली असूनही पासपोर्टावर ईसीआर छापलेलं आहे, त्यांनी सनद दाखवून नवा पासपोर्ट आधी काढून घ्यावा. प्रत्येक खेपेचा खोळंबा वाचतो.

वैद्यकीय तपासणी अगदी सुरुवातीला उरकून टाकायची घाई करू नका. अहवालाला मुदत असते. नोव्हेंबरात केलेली तपासणी व्हिसा रखडला की संपते आणि परत पैसे भरावे लागतात. कंपनीकडून व्हिसाचा क्रमांक किंवा पक्का होकार येईपर्यंत थांबा. कतारसाठी मुंबईत कतार व्हिसा सेंटर आहे, तपासणी आणि ठसे तिथंच होतात. कुठल्या तारखेला बोलावतील त्यावर बाकी सगळं अवलंबून.

आखाताचा खरा धोका डिसेंबरात नसून त्याच्या पुढं आहे. २०२७ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सुरू होतोय. कार्यालयांचे तास कमी होतात, अमिरातीत खासगी नोकरीतही रोजचे दोन तास कमी, आणि मार्चमध्ये ईदची मोठी सुट्टी. डिसेंबरात नाही झालं तर जानेवारी, एवढाच अवकाश आहे. जानेवारी हुकला की थेट ईदनंतर. हे एजंट सांगत नाही, त्याला तुमचे पैसे डिसेंबरातच हवे असतात. सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, आपला रविवार तिथं कामाचा. अमिरातीनं २०२२ पासून शनिवार-रविवार धरले, शुक्रवारी अर्धा दिवस. फोन कधी करायचा हे त्यावर ठरवा.

आणि मग येतं ते वाक्य: "वर्क व्हिसाला उशीर होतोय भाऊ, तुम्ही विजिटवर चला, तिकडं करून घेऊ." उशिराच्या काळात गावागावांत हेच ऐकू येतं. विजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे, पकडलं गेल्यावर दंड आणि हकालपट्टी तुमची होते, एजंटाची नाही. उत्प्रवासाची मंजुरी आणि विम्याचं छत्रही मिळत नाही. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर, यापेक्षा जास्त घेता येत नाही. त्याचा परवाना ई-मायग्रेटवर नाव टाकून तपासता येतो. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा फोन १८०० ११ ३०९०, चोवीस तास. आईला, बायकोला हा नंबर लिहून द्या.

ब्रिटन आणि जर्मनी, थोडक्यात

ब्रिटनचं सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप (तिथल्या कंपनीनं दिलेला प्रायोजकत्वाचा दाखला) मिळालं की तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि रुजू होण्याच्या तारखेच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. जानेवारीत रुजू व्हायचंय तर ऑक्टोबरातच करा, डिसेंबराची वाट कशाला बघायची? टीबीच्या तपासणीचं प्रमाणपत्र सहा महिने चालतं, ते लवकर घ्यायला हरकत नाही. पाचशे पौंड जादा भरून पाच दिवसांत निकालाची सोय आहे, तीसुद्धा कामाच्याच पाच दिवसांत. लातूर, धाराशिवकरांना पुण्याचं केंद्र जवळ पडतं. केअर वर्कर म्हणून बाहेरून नवीन भरती जुलै २०२५ मध्ये बंद झाली आहे. त्या नावानं आता कुणी पैसे मागत असेल तर तिथंच उठा.

जर्मनीच्या बऱ्याच फाइली तिथल्या सरकारी कार्यालयांकडं संमतीसाठी जातात, आणि २४ डिसेंबर ते नव्या वर्षापर्यंत तिथं पान हलत नाही. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये ज्या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्या बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये ६ जानेवारीलाही सुट्टी असते. तुमचा मालक ४११ युरो भरून जलद प्रक्रिया सुरू करू शकतो. ती त्यालाच करावी लागते, तुम्ही फक्त मुखत्यारपत्र द्यायचं. नाताळच्या तोंडावर विनंती करण्यापेक्षा सप्टेंबरात केलेली बरी.

मुंबईची फेरी

मुलाखतीची तारीख पक्की झाली की रेल्वेचं आरक्षण बघा, ते आता साठ दिवस आधी उघडतं. देवगिरी, नंदीग्राम यांसारख्या रात्रीच्या गाड्यांनी सकाळी मुंबईत पोचून थेट मुलाखतीला जायचा मोह टाळा. गाडी दोन तास उशिरा आली तर बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) अमेरिकेच्या दूतावासाच्या दारातून परत यावं लागतं, आणि तारीख बदलायची संधी एकच आहे हे वर लिहिलंच. आदल्या दिवशी जा. नांदेडपर्यंत वाढवलेली वंदे भारत दुपारी मुंबईत पोचते, मुक्कामाला पुरेशी. ६ डिसेंबरच्या मागचे-पुढचे दोन-तीन दिवस दादरकडं जाणाऱ्या गाड्या चैत्यभूमीला निघालेल्यांनी भरलेल्या असतात. त्या आठवड्यात तारीख आली तर तिकीट उघडल्या दिवशी काढा किंवा समृद्धीनं गाडी घेऊन जा.

अमेरिकेच्या दूतावासात मोबाइल आत नेता येत नाही. सोबत काका-मामा कुणीतरी असले तर बाहेर बॅग सांभाळायला बरं. पासपोर्ट परत कुरिअरनं घरी मागवायचा की केंद्रावरून घ्यायचा हे आधीच निवडावं लागतं. तालुक्याच्या गावात घराला कुलूप असतानाच कुरिअरवाला येतो, हा नियमच आहे. लग्नघर असेल तर मुंबई-पुण्यातल्या केंद्रावरून स्वतः घ्या.

अडकलाच तर

अमेरिकेच्या मुलाखतीनंतर २२१(जी) ची चिठ्ठी (कागद किंवा तपासणी बाकी असल्याची) मिळाली म्हणजे कायमचा नकार झाला असं नाही, फाइल उघडी आहे. त्यावर कागद मागितले असतील तर सांगितलेल्या मार्गानं त्याच आठवड्यात द्या. काहीच मागितलं नसेल तर ती तपासणी आहे, आणि तिला ठरलेली मुदत नाही. रोज ईमेल करून ती लवकर होत नाही.

पहिल्याच दिवशी मॅनेजरला आणि एचआरला लेखी कळवा. भारतातून काम करायला परवानगी आहे का, किती दिवस, कंपनीचा लॅपटॉप इथून चालवायचा का, हे ईमेलवर घ्या. तोंडी "चालेल रे" वर विसंबू नका. भारतात बसून केलेल्या कामाच्या पगारावर इथला कर लागू शकतो, आणि मुक्काम १८२ दिवसांकडं सरकू लागला की चार्टर्ड अकाउंटंटला गाठाच.

येण्यापूर्वी तिकडच्या घराची किल्ली, पार्किंग आणि टपाल मित्राकडं सोपवलेलं असावं. भाडं, गाडीचा हप्ता, विमा हे आपोआप कापले जातील एवढी, निदान तीन महिन्यांची, रक्कम खात्यात ठेवा. परतीचं तिकीट तारीख बदलता येणारं घ्या. स्वस्तातलं, न बदलणारं तिकीट डिसेंबरात सगळ्यात महाग पडतं, कारण जानेवारीत नवीन घ्यावं लागतं. प्रवास विमा काढला असला तरी व्हिसाचा उशीर बहुतेक पॉलिसींत धरलेला नसतो, अटी वाचा.

एच-१बीच्या सहा वर्षांच्या मर्यादेत अमेरिकेबाहेर काढलेले पूर्ण दिवस परत मागता येतात. त्यासाठी पुरावा लागतो, म्हणून येतानाचे आणि जातानाचे बोर्डिंग पास, पासपोर्टावरचे शिक्के आणि आय-९४ चा प्रवास-इतिहास यांच्या प्रती वकिलाकडं पाठवून ठेवा. पुढच्या मुदतवाढीच्या अर्जात त्या लागतील.